बाजार, फलाट आणि ओसरी: मानवाकृती रेखाटनाचा रोजचा सराव

माणूस काढता येत नाही, ही चित्र काढणाऱ्या मुलामुलींची जुनी तक्रार आहे. झाड जमतं, डोंगर जमतो, फोटोवरून चेहराही बऱ्यापैकी उतरतो. पण चालणारा, वाकलेला, ओझं उचलणारा माणूस कागदावर आला की ताठरतो. पांढुर्णा-सौंसर भागात या तक्रारीला आणखी एक जोड मिळते. कला महाविद्यालयासाठी नागपूर किंवा इंदूर गाठावं लागतं. समोर मॉडेल बसवून रेखाटन करण्याचा सराव तिथे गेल्यावरच सुरू होणार, तोवर काय करायचं, असं मुलं विचारतात.

हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि नोकरी-शेती-संसार सांभाळून चित्र काढू पाहणाऱ्या मोठ्यांसाठीही. मानवाकृती सुधारते ती तीन गोष्टींनी: रोज काढल्याने, जिवंत माणसावरून काढल्याने, आणि काढलेलं लगेच ताडून पाहिल्याने. या तिन्ही गोष्टी आपल्या गावात राहून होऊ शकतात.

रोज अर्धा तास

रविवारी सलग चार तास बसून मग आठवडाभर पेन्सिल न धरणं, हा सराव नव्हे. संत्र्याच्या झाडाला महिनाभर कोरडं ठेवून एके दिवशी पाट सोडला तर ते पाणी वाहून जातं. ठिबकचं थोडं थोडं पाणी मुळांना लागतं. हाताचंही तसंच आहे. रोजचा अर्धा तास पुरे, पण तो ठरलेल्या वेळी हवा. शाळेत जाणाऱ्यांनी संध्याकाळी दिवेलागणीच्या आधीची वेळ धरावी. घरातली माणसं तेव्हा ओसरीवर असतात आणि उजेड एका बाजूने येतो, त्यामुळे शरीराचे उंचसखल भाग स्पष्ट दिसतात.

त्या अर्ध्या तासाची वाटणी अशी करा. पहिली पाच मिनिटं अर्ध्या-अर्ध्या मिनिटाची दहा रेखाटनं. पुढची पाच मिनिटं एकेका मिनिटाची पाच. त्यानंतर पाच-पाच मिनिटांची दोन. उरलेली दहा मिनिटं नवीन काही काढायचं नाही. त्या दिवशीचं काम तपासायचं आणि त्यातलं सर्वांत फसलेलं एक पुन्हा काढायचं. बहुतेक जण हा शेवटचा भाग गाळतात, आणि वर्षानुवर्षं त्याच चुका पक्क्या होत जातात.

साहित्य साधंच

महागडी वही घेतली की पान खराब होण्याची भीती हाताला आखडून टाकते. पाठकोरे कागद, न्यूजप्रिंटचे ताव, परीक्षेला नेतो ते क्लिपचं पॅड आणि ४बी किंवा ६बी पेन्सिल एवढं पुरेसं आहे. पेन्सिल ब्लेडने तासा, शिसं बोटाच्या अर्ध्या पेराएवढं बाहेर ठेवा आणि लिहिताना धरतो तशी न धरता आडवी धरा. म्हणजे रेषा मनगटातून न निघता खांद्यातून निघते. बाहेर जाताना बॉलपेन न्या. ते पुसता येत नाही, म्हणून डोळे आधी बघतात आणि हात मागून चालतो. सरावाच्या वेळी खोडरबर घरीच राहू द्या. चुकीची रेषा तशीच ठेवून तिच्या शेजारी बरोबर रेषा मारली की किती चुकलं होतं तेही कळतं. प्रत्येक कागदावर तारीख मात्र न चुकता घाला.

अर्ध्या मिनिटात काय काढायचं

अर्ध्या मिनिटात नाक-डोळे काढायचे नसतात. तेवढ्या वेळात फक्त हालचाल पकडायची. डोक्यापासून पाठीच्या कण्यातून वजन पेलणाऱ्या पायापर्यंत जाणारी एक लांब रेषा आधी मारा. मग खांद्याची तिरपी रेषा, कमरेची तिरपी रेषा, आणि हातापायांच्या दिशा. चित्रकलेच्या वर्गांत याला जेश्चर म्हणतात. अमेरिकन कलाशिक्षक किमॉन निकोलाइडिस यांच्या १९४१ साली आलेल्या पुस्तकामुळे ही पद्धत जगभर रुजली. माणूस दिसतो कसा यापेक्षा तो करतोय काय, हे आधी टिपा, असा त्यांचा आग्रह होता.

याच पद्धतीचा दुसरा सराव म्हणजे कागदाकडे न बघता काढणं. नजर समोरच्या माणसाच्या कडेवरून मुंगीच्या चालीने सरकवा आणि त्याच चालीने पेन्सिल सरकू द्या. चित्र वेडंवाकडं येईल, येऊ द्या. या सरावाचा उपयोग चित्रासाठी नाही, नजरेसाठी आहे. आपण पाहिलेलं काढत नाही, माहीत असलेलं काढतो, ही खोड त्याने मोडते.

प्रमाणं लक्षात ठेवा, पण डोळ्यांनी तपासा

उभा प्रौढ माणूस साधारण साडेसात डोक्यांएवढा उंच असतो. अँड्र्यू लूमिस यांच्या १९४३च्या प्रसिद्ध पुस्तकात आदर्श आकृती आठ डोक्यांची धरली आहे; जाहिराती आणि कथाचित्रांसाठी ती शोभते, बाजारातल्या माणसासाठी साडेसातच बरी. उंचीचा मध्य बेंबीवर नसतो, तो जांघेच्या जवळ येतो. गुडघा जमिनीपासून पाव उंचीच्या थोडा वर असतो. हात सरळ सोडला की कोपर शेवटच्या बरगडीच्या आसपास, मनगट जांघेच्या पातळीवर आणि बोटं मांडीच्या मध्यापर्यंत येतात. तळहात बोटांसकट हनुवटीपासून केसांच्या सुरुवातीपर्यंतचा चेहरा झाकतो. आत्ता स्वतःच्या चेहऱ्यावर ठेवून बघा. वर्षाचं मूल जेमतेम चार डोक्यांचं असतं, म्हणून मोठ्या माणसाला नुसतं लहान करून मूल काढलं की ते बुटका माणूस दिसतं.

नवशिक्यांच्या चुका बहुतेक ठरलेल्या असतात. डोकं मोठं होतं, पाय आखूड होतात, तळहात लहान राहतात आणि पावलं कागदाबाहेर जातात. डोक्यापासून सुरुवात करून खाली यायची सवय हे त्याचं मुख्य कारण. आधी कागदावर वरची आणि खालची खूण करा, मध्य काढा, मगच आकृती बसवा.

तोल सांभाळला की आकृती उभी राहते

एका पायावर भार देऊन उभा असलेला माणूस बघा. भाराच्या बाजूची कंबर वर जाते, त्याच बाजूचा खांदा खाली येतो, आणि मानेच्या खळगीतून सोडलेली उभी रेषा भाराच्या पावलाजवळ पडते. गवंडी वापरतो त्या ओळंब्याची इथे खरी गरज आहे. दोऱ्याला एखादा नट बांधून तो समोर धरा आणि खळगीखाली नेमकं काय येतं ते पाहा.

ओझं आलं की सगळा हिशेब बदलतो. पाठीवर पोतं घेतलेल्या हमालाचं धड पुढे झुकतं आणि डोकं पावलांच्याही पुढे जातं, कारण पोत्याचं वजन मागे ओढत असतं. डोक्यावर टोपलं घेतलेल्या बाईची मान आणि पाठ सरळ राहतात आणि हालचाल कमरेत उतरते. हाच नियम उलट वापरून तुमचं रेखाटन तपासा: ओझं पुसून टाकलं तरी ते होतं असं शरीर सांगतं का?

आपली बसण्याची तऱ्हा पुस्तकात नसते

विदेशी पुस्तकांतली मॉडेलं बहुधा उभी, स्टुलावर बसलेली किंवा कोचावर रेललेली असतात. आपल्या भागातला माणूस मात्र जमिनीवर बसतो. भाजीवाली उकिडवी बसते, आजी एक गुडघा उभा करून तांदूळ निवडते, पंगतीत माणसं मांडी घालून बसतात. या बसण्यांचा अभ्यास आपल्यालाच करावा लागणार आहे.

मांडी घालून बसलेला माणूस जमिनीपासून साधारण चार डोक्यांएवढा असतो, खुर्चीवर बसलेला सुमारे सहा. उकिडवं बसताना मांडी आणि पोटरी एकमेकांवर दाबल्या जातात, गुडघे काखेजवळ येतात, टाचा टेकलेल्या असतात आणि तोल राखायला धड पुढे येतं. हे काढताना आधी पाठीची कमान, मग दोन्ही पावलांची जमिनीवरची जागा, शेवटी गुडघे, असा क्रम ठेवा. पावलं जमिनीवर नीट टेकवली नाहीत तर आकृती मागे पडते आहे असं वाटतं.

कपड्यांचंही तसंच. लुगडं, धोतर, साडी यांच्या चुण्या मनाने काढू नका. प्रत्येक चुणी कुठून तरी ताणली जात असते: खांद्यावरून, कमरेच्या निऱ्यांतून, वाकलेल्या गुडघ्यावरून. तो ताणाचा बिंदू सापडला की सात-आठ रेषांत अख्खं धोतर उभं राहतं. बिंदू सापडला नाही तर पन्नास रेषा मारूनही कापड लोंबतंच.

गावात कुठे बसाल

२०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं. जिल्ह्याचं ठिकाण झाल्याने सरकारी कचेऱ्यांत रांगा वाढल्या. रांगेतली माणसं बराच वेळ उभी असतात, कंटाळून भार एका पायावरून दुसऱ्यावर देतात. वर सांगितलेल्या तोलाच्या अभ्यासाला यापेक्षा चांगली जागा नाही. पांढुर्ण्याचं रेल्वे स्टेशन नागपूर-इटारसी मार्गावर आहे. फलाटावर गाडीची वाट बघणारे लोक बाकावर, सामानावर, जमिनीवर बसतात, झोपतात. पाच मिनिटांची रेखाटनं तिथे करा.

आठवडी बाजारात माणसं सतत हलत असतात, पण एकच हालचाल पुन्हा पुन्हा करतात. तराजू उचलणारा हात दर मिनिटाला त्याच जागी येतो. एकाच कागदावर चार रेखाटनं सुरू ठेवा आणि माणूस त्या स्थितीत परत आला की ते रेखाटन पुढे न्या. दिवाळीनंतर आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली की संत्र्याच्या बागांत आणि मंडीत हात वर करून फळ तोडणारे, वाकून प्रतवारी करणारे, कॅरेट उचलणारे लोक दिसतात. त्याच सुमारास कपाशीची वेचणी असते. कमरेला ओटी बांधून वेचणाऱ्या बायांची पाठ आणि बोटं बघा. एखादा आखाडा किंवा व्यायामशाळा असेल तर वस्तादांची परवानगी घेऊन बसा. खांदा, पाठ आणि पोटऱ्यांचे स्नायू काम करताना कसे आकार बदलतात ते पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळतं.

पोळ्याला बैल आणि त्याची वेसण धरलेला माणूस ही सुंदर जोडी आहे; दोघांचे भार एकमेकांवर अवलंबून असतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते. दगड फेकणाऱ्याच्या अंगातला पीळ रेखाटनासाठी मोलाचा आहे, हे खरं. पण तिथे माणसं दरवर्षी जखमी होतात आणि जीवही गेले आहेत, म्हणून वही घेऊन नदीकाठी जाऊ नका. तोच पीळ शाळेच्या मैदानावर चेंडू फेकणाऱ्या मुलाच्या अंगात मिळतो. मागच्या पायावर भार, कमरेचं वळण, मग खांदा आणि सर्वांत शेवटी हात, या क्रमाने ती हालचाल उलगडते.

सौंसरजवळच्या जामसावळीला हनुमानाची निद्रिस्त मूर्ती आहे. आडव्या आकृतीचा विचार करायला ती उत्तम सुरुवात. मंदिरात दर्शनच घ्या, वही बाहेर येऊन उघडा आणि आठवून काढा. मग घरी बाजेवर झोपलेल्या भावाला आधी बाजूने आणि नंतर पायांकडून काढा. पायांकडून बघताना पावलं मोठी दिसतात आणि धड आखडतं. याला फोरशॉर्टनिंग म्हणतात. डोळ्यांना जे दिसतं त्यावर विश्वास ठेवून तेवढंच काढायचं, मनातलं ‘धड लांब असतं’ हे ज्ञान बाजूला ठेवायचं.

एक शिस्त सगळीकडे पाळा. ओळखीच्या माणसाला विचारून बसा, अनोळखी माणूस बघू लागला तर वही दाखवा आणि नको म्हणाला तर लगेच थांबा. बायाबापड्यांना आणि मुलांना काढताना ही काळजी दुप्पट घ्या. ज्याचं रेखाटन केलं त्याला एखादं चांगलं पान भेट दिलं तर पुढच्या वेळी तोच तुम्हाला बसायला जागा करून देतो. घरच्यांना बसवाल तेव्हा एका स्थितीत दहा मिनिटांहून जास्त ताटकळवू नका. दोन-तीन मित्रमैत्रिणींनी मिळून आळीपाळीने एकमेकांसाठी बसावं; स्वतः बसल्यावर कुठला स्नायू दुखतो ते कळतं, आणि पुढच्या रेखाटनात तोच जोर दिसू लागतो.

मोबाइलवरचे फोटो पावसाळ्यात उपयोगी पडतात. मात्र जवळून काढलेल्या फोटोत पुढचा हात फुगतो आणि पाय बारीक होतात. तीन-चार मीटर लांबून, मोबाइल कमरेच्या उंचीवर धरून फोटो घ्या. आठवड्यातले निदान चार दिवस तरी जिवंत माणसावरूनच काढा.

ताडून कसं पाहायचं

हात कोपरात न वाकवता पेन्सिल समोर धरा, एक डोळा मिटा आणि डोक्याची उंची अंगठ्याने मोजा. ती शरीरात किती वेळा बसते ते पाहा आणि तेच माप कागदावर लावा. मग पेन्सिल हाताच्या, मांडीच्या तिरप्या दिशेला जुळवून कोन तपासा. तिसरी तपासणी रिकाम्या जागेची: कमरेवर हात ठेवलेल्या माणसाचा हात आणि धड यांच्यामध्ये एक त्रिकोण तयार होतो. तो त्रिकोण बरोबर आला तर हातही बरोबर आला. शेवटी कागद उलटा करून उजेडासमोर धरा, किंवा आरशात बघा. सरळ बघताना सवयीने न दिसलेला कलंडलेपणा उलट्या चित्रात लगेच दिसतो. सापडलेली चूक एका ओळीत कागदाच्या कोपऱ्यात लिहा. महिनाभराच्या अशा ओळी वाचल्या की तुमची मुख्य चूक कोणती ते कुणी सांगावं लागत नाही.

आठवणीतून काढा

दिवसभरात पाहिलेला एक माणूस झोपण्यापूर्वी न बघता काढा. दुसऱ्या दिवशी तसाच माणूस पुन्हा बघून आदल्या रात्रीचं रेखाटन दुरुस्त करा. महाराष्ट्रातल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांत स्मरणचित्र हा विषय असतो तो याचसाठी. प्रसंग रंगवताना प्रत्येक वेळी मॉडेल समोर नसतं, तेव्हा साठवलेली माणसं कामी येतात. नागपूरला पुढे शिकायला जाण्याचा विचार असेल तर हा सराव शाळेतच सुरू करा.

मोठ्यांची कामं बघताना

मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं. जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली तिथल्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून अनेक वर्षं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. अजिंठ्याच्या आकृतींतली मानेची, कमरेची, बोटांची लय त्या हातांना अशी मिळाली. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) याच संस्थेत शिकले आणि पुढे तिथेच शिकवत राहिले. ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’ (१९१२) आणि ‘विमेन ऑफ इंडिया’ (१९२०) या पुस्तकांतली त्यांची चित्रं मिळाली तर जरूर बघा. बाजारातली, रस्त्यावरची, घरातली माणसं चालताना, बसताना, ओझं नेताना ज्या सहजतेने त्यांनी काढली, तीच आपल्याला शिकायची आहे.

आपल्या मध्य प्रदेशातलं उदाहरण इंदूरचं आहे. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ साली तिथे कलाशाळा सुरू केली. इंदूरात १९१० साली जन्मलेले नारायण श्रीधर बेंद्रे त्यांच्याच हाताखाली तयार झाले आणि मकबूल फिदा हुसेन यांनीही तिथे धडे घेतले. मोठ्या कला-शहरापासून दूर असूनही शिस्तीच्या सरावातून काय घडतं, त्याचा हा पुरावा आहे.

नक्कल करताना अख्खं चित्र उतरवत बसू नका. एकच प्रश्न घेऊन बसा: खांदा हाताला कसा जोडला आहे, वाकलेल्या गुडघ्यावर कापड कसं ताणलं आहे. उत्तर मिळालं की लगेच जिवंत माणसावर ते तपासा. वर्षातून एक-दोनदा नागपूरच्या अजब बंगल्यात जा. १८६३ साली सुरू झालेल्या या मध्यवर्ती संग्रहालयात दगडी मूर्ती आहेत. मूर्ती थकत नाही, हलत नाही. वेगवेगळ्या बाजूंनी तासभर काढता येते. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं.

तीन महिन्यांचा आराखडा

पहिले तीन आठवडे फक्त हालचाल आणि तोल. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात छातीचा पिंजरा आणि कंबर हे दोन मोठे ठोकळे समजून घ्या. ते एकमेकांवर कसे झुकतात, वळतात ते काढा, कारण शरीराचा सगळा पीळ या दोहोंच्या मधल्या भागात असतो. सातव्या ते नवव्या आठवड्यात हात, पावलं आणि कपडे. यासाठी स्वतःचा डावा हात कायम हाताशी आहे. दहाव्या ते बाराव्या आठवड्यात दोन आणि तीन माणसं एकत्र: बोलणारी, एकच ओझं उचलणारी, एकमेकांना टेकलेली.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात काम बिघडल्यासारखं वाटेल. तोवर नजर सुधारलेली असते आणि हात तिच्या मागे असतो, म्हणून आधी न दिसणाऱ्या चुका दिसू लागतात. पुष्कळ जण नेमके इथेच थांबतात. तुम्ही थांबू नका. वेळ कमी करा, विषय सोपा घ्या, पण दिवस चुकवू नका.

तीन महिन्यांनी पहिल्या आठवड्याचे कागद काढून शेवटच्या आठवड्याच्या कागदांशेजारी ठेवा. रेषा कमी झाल्या आहेत का, पावलं जमिनीवर टेकली आहेत का, माणूस काय करतोय ते न सांगता कळतं का, एवढंच तपासा. शिक्षकांनाही एक विनंती: वर्गात आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एका विद्यार्थ्याला उभं करून बाकीच्यांना काढू द्या; त्याला ना खर्च लागतो, ना वेगळी खोली. आणि वाचकांनो, उद्याची वाट पाहू नका. आज घरात जो कुणी बसला असेल, त्याच्यासमोर पाठकोरा कागद घेऊन बसा आणि वर तारीख घाला.